शिलाई युनिटमध्ये बैठक, हात आणि उजेड कसा लावावा: नव्या मालकांसाठी आणि लाइन सुपरवायझरसाठी

सोलापुरात शाळेच्या गणवेशाचं युनिट नव्यानं टाकलेल्या किंवा नुकतंच लाइनवर उभं राहिलेल्या माणसाला पहिला हंगाम एकच प्रश्न छळतो. मशिनी नव्या आहेत, कारागीर हाताला चांगले आहेत, मग संध्याकाळी नग का निघत नाहीत? बहुतेक जण उत्तर मशीनमध्ये शोधतात. मिनिटाला पाच हजार टाके मारणारी मशीन घ्या, माल आपोआप वाढेल, असं डीलरही सांगून जातो. मी आधी मशीनवर बसायचे, नंतर लाइन सांभाळायला लागले आणि आता ओळखीच्या युनिटांची मांडणी लावून देते. गळती बहुतेक वेळा सुईपाशी सापडतच नाही. ती सापडते खाली ठेवलेल्या बंडलाकडे वाकण्यात, अंधारात टाका शोधण्यात, दुपारी तीननंतर मान चोळण्यात.

हे मार्गदर्शन साधारण १५ ते ४० मशिनींच्या युनिटसाठी आहे. मोठ्या एक्स्पोर्ट कारखान्यात हे काम करायला औद्योगिक अभियंता असतो. आपल्याकडे सुपरवायझर, कटिंग मास्टर आणि मालक यांनाच मिळून ते करावं लागतं, आणि ते करता येतं.

आधी हे गोळा करा

साहित्य:
- लोखंडी मोजपट्टी आणि खडू
- स्टॉपवॉच (मोबाइलचं चालेल)
- उजेड मोजायचं मीटर. मोबाइलचं ॲप ढोबळ आकडा देतं, पण दोन जागांची तुलना करायला तेवढं पुरतं
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारा भिंतीवरचा मीटर
- पाने, स्क्रू ड्रायव्हर, प्लायवूडचे तुकडे, दाट फोम, रबराच्या पट्ट्या

कागद:
- ऑपरेशनची (खिसा लावणं, कॉलर लावणं अशा एकेका कामाची) क्रमवार यादी, प्रत्येकाचा दर आणि एसएमव्ही
- हजेरीपट, त्यात अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्याही हव्यात
- अल्टरचं (शिलाईत चूक निघून दुरुस्तीला परत आलेल्या नगांचं) रजिस्टर, ऑपरेशनवार
- प्रथमोपचाराची वही. बोटात सुई गेल्याची नोंद बहुतेक ठिकाणी होतच नाही, ती आजपासून सुरू करा
- मशिनींची यादी, आणि प्रत्येकीसमोर मोटर क्लच की सर्वो ही नोंद (दोन्हींतला फरक पायरी ३ मध्ये)

एसएमव्ही म्हणजे सरावलेल्या कारागिराला सामान्य गतीनं, विश्रांतीची सूट धरून, ते काम करायला लागणारी मिनिटं. लाइनची कार्यक्षमता काढायचं गणित सोपं आहे. तयार नग गुणिले एका नगाचा एसएमव्ही, भागिले माणसं गुणिले मिनिटं. समजा शर्टाचा एसएमव्ही १५ आहे, २५ माणसांनी ४८० मिनिटांत ५०० शर्ट काढले. म्हणजे ७,५०० भागिले १२,०००, साडेबासष्ट टक्के. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. काम सेकंदात मोडून बघा

बदल करायच्या आधी मोजायचं. हे सांगायला नको खरं तर, पण नवा माणूस उत्साहात आधी खुर्च्या आणतो, मग फरक काय पडला ते सांगता येत नाही आणि पुढच्या खर्चाला मालक नाही म्हणतो.

लाइनमध्ये जिथं बंडलं साचतात ते ऑपरेशन निवडा. आपण खिसा लावणं घेऊ. कारागिराच्या समोर नको, बाजूला तिरकं उभं राहा आणि सलग दहा नग मोजा. एकूण वेळ लिहून थांबू नका, त्याचे पाच तुकडे करा: उचलणं, जुळवणं, शिवणं, धागा कापणं, ठेवणं. पहिल्यांदा हे करणाऱ्याला धक्का बसतो. सुई प्रत्यक्ष चालते तो वेळ एकूण वेळेच्या पाव हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी भरतो. उरलेला सगळा हातांचा वेळ.

आता गणित करा. खिशाला ४० सेकंद लागत असतील तर तासाला ९० नग. उचलण्या-ठेवण्यातले फक्त चार सेकंद वाचवले तर ३६ सेकंद, तासाला १००. मशीनचा वेग एका टाक्यानंही वाढवलेला नाही. उलट, वेगवान मशीन आणून शिवण्याचे १० सेकंद ८ वर आणले, तरी हाती लागतात दोनच सेकंद.

व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, आणि ‘तुमची चूक धरायला नाही, मांडणी बघायला काढतेय’ हे स्पष्ट सांगा. न सांगता मोबाइल समोर धरला की कारागीर एक तर घाईघाईनं शिवतात नाहीतर मुद्दाम सावकाश. दोन्ही मोजमापं फुकट.

२. दुखतं कुठं, ते विचारा

हे काम बाईनं करावं. आपल्या लाइनवर बहुतेक बायका असतात, आणि कंबरेचं, ओटीपोटाचं दुखणं त्या पुरुष सुपरवायझरला सांगत नाहीत. वेळ सुट्टीच्या आधीची पाच मिनिटं. सकाळी सगळ्यांचं सगळं ठीक असतं.

कागदावर माणसाची पुढून-मागून साधी आकृती काढा. ‘अक्का, आत्ता कुठं दुखतंय, बोट ठेवा’ एवढंच म्हणा. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही मॅडम’ हेच उत्तर येतं, कारण त्रास म्हटलं की काम जाईल अशी धास्ती असते. बोट ठेवायला सांगितलं की ठेवतात. आकृतीवर नाव लिहू नका, ऑपरेशन लिहा.

दहा-पंधरा आकृत्या एकावर एक ठेवल्या की चित्र दिसायला लागतं. मानेचा मागचा भाग आणि खांदे दुखत असतील तर टेबल खाली आहे किंवा उजेड कमी. फक्त उजवा खांदा असेल तर ठेवायची जागा लांब किंवा उंच. कंबर, आणि तीही एका बाजूची, तर बंडल जमिनीवर आहे किंवा पायडल मध्यावर नाही. उजवी नडगी आणि घोटा असेल तर पायडलचा कोन. अंगठ्याचं मूळ आणि मनगट दुखणाऱ्या बहुधा धागा कापणाऱ्या निघतात. त्यांच्या कात्रीची धार बघा.

रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होते, असं कुणी म्हणालं तर खुर्ची बदलून वाट बघत बसू नका, डॉक्टरकडे पाठवा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या युनिटला कर्मचारी राज्य विमा लागू होतो आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले त्यात येतात. कार्ड काढलेलं असतं, पण ते दाखवायचं कुठं हे लाइनवर कुणाला सांगितलेलं नसतं.

३. पायडल, खुर्ची, टेबल. याच क्रमानं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. क्रम महत्त्वाचा, कारण शिलाईत पाय बांधलेला असतो. ऑफिसातल्या माणसासारखा तो पाय हलवू शकत नाही. म्हणून जमिनीपासून वर यायचं.

*पायडल.* कारागीर बसली की नाक, सुई आणि पायडलचा मध्य साधारण एका रेषेत यायला हवेत. पुष्कळ ठिकाणी पायडल उजवीकडे सरकलेला असतो, कारण मशीन जोडणाऱ्यानं मोटरची दांडी सरळ बसेल तिथं तो बसवला आणि निघून गेला. मग बाई आठ तास कंबरेत पीळ देऊन बसते. पायडलच्या आडव्या दांडीवरचे बोल्ट सैल केले की तो सरकतो. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे-मागेही बघा: टाच टेकलेली असताना पाऊल पूर्ण पायडलवर मावलं पाहिजे आणि गुडघा काटकोनापेक्षा किंचित उघडा राहिला पाहिजे. पायडल फार जवळ असला की बाई खुर्चीच्या काठावर सरकून बसते आणि पाठीच्या टेक्याचा उपयोग संपतो.

*खुर्ची.* आपल्याकडे तीन प्रकार दिसतात: लाकडी स्टूल, प्लॅस्टिकची खुर्ची आणि वर पोत्याची घडी. पोत्याच्या घडीला हसू नका. ती सांगते की बैठक कडक आहे, किंवा बुटकी आहे, किंवा दोन्ही. घडीची जाडी मोजा, तेवढी उंची वाढवायला हवी हे त्या बाईनं तुम्हाला फुकटात सांगितलेलं आहे.

हवी ती खुर्ची अशी: उंची कमी-जास्त होणारी, पुढची कड गोल उतरती, कंबरेच्या खोलगटात टेका देणारी लहान पाठ, हात नसलेली. इथं दोन सापळे आहेत. एक, चाकांची ऑफिस खुर्ची. दिसायला झकास, पण पायडल दाबला की ती मागे पळते आणि मांड्या दिवसभर तिला धरून ठेवण्यात दमतात, शिवाय चाकात पदर अडकतो. दुसरा, हात असलेली खुर्ची. कोपर अडतं, बाई खुर्ची मागे घेते आणि पुढे वाकून शिवते. पैसे नसतील तर आहे त्या स्टुलाला उंचीचे प्लाय ठोका, दाट फोम आणि सुती कव्हर लावा. रेक्झिन नको. सोलापूरच्या मे महिन्यात रेक्झिनवर बसून दाखवा म्हणजे कळेल.

*टेबल.* आता कारागीर बसलेली आहे, हात खाली सोडून कोपर काटकोनात वाकवलंय. टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीपेक्षा निदान ५ सेंटीमीटर वर हवा. नव्या लोकांना हे उलटं वाटतं, त्यांना टेबल कोपराखाली हवं असतं. पण शिलाई डोळ्यांनी चालते. टेबल खाली गेलं की डोळे सुईकडे जातात आणि मान त्यांच्या मागे. वर घेताना खांद्यांकडे लक्ष ठेवा. खांदे कानाकडे चढायला लागले की जास्त झालं, एक बोट खाली घ्या.

टेबल किंचित कारागिराकडे उतरतं केलं तर मान आणखी वर येते. मागच्या पायांखाली ३ सेंटीमीटरच्या लाकडी चकत्या घातल्या की जवळपास ४ अंशांचा उतार मिळतो. एकदम जास्त उतार देऊ नका. तेलाच्या टाकीची मशीन असेल तर उतार दिल्यावर तेलाची पातळी आणि गळती तपासा, नाहीतर पांढऱ्या शर्टावर डाग पडतील आणि खापर खुर्चीवर फुटेल.

एका मशीनवर दोन पाळ्यांत वेगवेगळ्या बायका बसत असतील तर स्टँडच्या पायावर आणि खुर्चीच्या नळीवर रंगीत पट्ट्यांच्या खुणा करा. लाल शकीलाची, पिवळी लक्ष्मीची. आकडे कुणी लक्षात ठेवत नाही.

*मोटर.* क्लच मोटर पायडलवर पाय नसतानाही फिरत राहते. वीज खाते, आवाज करते आणि मांडीपाशी गरम हवा सोडते. सर्वो मोटर पायडल दाबला तरच फिरते. वीजबिलासाठी ती सगळेच घेतात, पण तिचा दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो: कमाल वेग बांधून देता येतो. नवशिक्या मुलीच्या मशीनचा वेग आधी कमी ठेवा, हात बसला की वाढवा. बोटं वाचतात. मोटर कुठलीही असो, पट्ट्याचं कव्हर हवंच. ओढणी आणि मोकळी वेणी तिथंच अडकते.

४. माल हाताच्या टप्प्यात आणा

कारागिराला बसवून, कोपर अंगाजवळ ठेवून, दोन्ही हातांनी टेबलावर खडूनं अर्धवर्तुळं काढायला सांगा. सतत लागणारी प्रत्येक गोष्ट या अर्धवर्तुळात हवी. हात पूर्ण लांब करून काढलेल्या मोठ्या अर्धवर्तुळात कधीमधी लागणाऱ्या गोष्टी: बॉबिन, रिळं, सुईची डबी. त्याच्या बाहेर काहीच नको.

आता बंडल कुठं आहे ते बघा. बहुतेक वेळा डावीकडे जमिनीवर, क्रेटमध्ये. बाई खाली वाकते, वरचा नग काढते, खालचा सोबत निसटतो, तो परत सारते, सरळ होते, कड शोधते. वाकून सरळ व्हायला दोन सेकंद धरा. दिवसाला ६०० नग असतील तर वीस मिनिटं गेली आणि कंबर ६०० वेळा वाकली. डाव्या हाताला टेबलाच्या उंचीचा लहान स्टँड लावला की हे सगळं संपतं. गावातला वेल्डर भंगाराच्या चौकोनी नळीतून असे स्टँड बनवून देतो. उजवीकडे किंवा मागे उतरती फळी लावली तर शिवलेला नग सोडला की आपोआप सरकतो, ठेवायची वेगळी हालचाल राहत नाही.

बंडलात नग कसे ठेवलेत यावरही पुष्कळ अवलंबून. कटिंगकडून येतानाच खिशाची दुमडलेली बाजू कारागिराकडे, सुलट बाजू वर, अशी थप्पी लावायला हेल्परला शिकवा. नाहीतर मशीनवरची बाई प्रत्येक नग उलटून बघते. गणवेशात एकाच शाळेचे आठ-दहा साइज असतात, त्यामुळे बंडल मोठं केलं की साइज मिसळतात. वीस-पंचवीसच्या वर बंडल नेऊ नका.

लहान कात्री रबरानं टेबलाला बांधा, म्हणजे शोधावी लागत नाही. गुडघ्यानं दाब (सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायची दांडी मशीनसोबत आलेली असते आणि कित्येक युनिटांत ती काढून कोपऱ्यात टाकलेली असते. ती लावा, तिचा कोन गुडघ्याला लागेल असा वाकवा आणि दोन-चार दिवस वापरायला लावा. आधी सगळ्या कुरकुरतात, नंतर ती काढायला गेलं तर भांडतात.

५. उजेड: निळ्यावर निळा टाका

शिलाईसाठी सुईपाशी साधारण ७५० लक्स उजेड धरतात, तपासणीच्या टेबलावर १,०००. मोजताना मीटर सुईच्या पट्टीवर ठेवा आणि बाईला नेहमीसारखं बसायला सांगा. तिची स्वतःची सावली मोजमापात यायला हवी. छताच्या ट्यूबा कितीही वाढवल्या तरी मशीनच्या हाताखाली अंधारच राहतो. चुंबकानं चिकटणारा छोटा एलईडी दिवा थेट सुईजवळ लावणं हाच उपाय, आणि या यादीतला सर्वांत स्वस्त.

गणवेशवाल्यांनी इथं कंजुषी करूच नये. आपलं निम्मं काम गडद निळ्या पॅन्टवर गडद निळ्या धाग्यानं चालतं. पांढऱ्या शर्टाला पुरणारा उजेड त्याला पुरत नाही. दुपारनंतर अल्टर वाढतं ते कुठल्या रंगात वाढतं, रजिस्टर उघडून बघा.

उजेडाचा संबंध बोटाशीही आहे. सुईपुढचं फिंगर गार्ड बायका काढून ठेवतात, आणि सुपरवायझर ओरडून परत लावतो. त्या ते काढतात कारण आधीच कमी दिसतं, त्यात गार्डची सावली. दिवा लावून मग गार्ड लावा, तेव्हा ते टिकेल. ओव्हरलॉक (कापडाची कड कापून गुंफणारी मशीन) आणि बटण मशीनला डोळ्यांपुढची पारदर्शक ढाल हवी. सुई तुटली तर सगळे तुकडे गोळा करून कागदावर चिकटवल्याशिवाय नवी सुई द्यायची नाही. आपण लहान मुलांचे कपडे शिवतो.

६. ऊन, धूळ आणि पाणी

आपल्या धंद्याची गोची अशी, की शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून कामाचा सगळा रेटा एप्रिल-मेमध्ये. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो तोही तेव्हाच. वर पत्र्याचं शेड. म्हणजे सगळ्यात जास्त नग हवे असतात तेव्हाच माणूस सगळ्यात कमी काम करू शकतो. हंगामात दोन तास ओव्हरटाइम लावून नग का वाढले नाहीत, याचं उत्तर बरेचदा भिंतीवरच्या मीटरमध्ये असतं.

फेब्रुवारीतच छताला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना मारून घ्या. गरम हवा वर साचते, म्हणून एक्झॉस्ट पंखे उंचावर, आणि समोरच्या भिंतीत खालून हवा आत यायला जागा. ती जागा नसेल तर एक्झॉस्ट नुसता फिरतो. उन्हाळा कोरडा असतो तोवर डेझर्ट कूलर चांगलं काम देतो. जूनमध्ये हवेत ओल आली की तोच घाम वाढवतो, तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा ठेवा. छताचे पंखे थेट मशीनवर नकोत, कापलेले भाग उडतात आणि बाई एका हातानं कापड धरून बसते. इस्त्रीचा विभाग लाइनच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर आधी तो हलवा.

ओव्हरलॉकखालचा कापसाचा बुरा रोज व्हॅक्यूमनं किंवा ब्रशनं काढा. काँप्रेसरच्या हवेनं उडवला की तो शेजारणीच्या नाकात जातो.

पाण्याबद्दल स्पष्ट बोलते. अनेक बायका कामावर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे, संडास घाण असतो, दाराला कडी नसते, किंवा जायला सुपरवायझरकडून टोकन घ्यावं लागतं म्हणून. उन्हाळ्यात याचं पर्यवसान चक्कर, डोकेदुखी आणि लघवीच्या जळजळीत होतं, आणि हजेरीपटावर ते ‘घरचं काम’ म्हणून उमटतं. टोकन बंद करा. कडी, दिवा, पाणी आणि झाकणाची बादली, एवढं नीट करा. मग प्रत्येक लाइनच्या टोकाला माठ किंवा जार ठेवा.

७. उभ्यानं आणि खाली बसून होणारी कामं

कटिंगचं टेबल ९० ते ९५ सेंटीमीटर उंच ठीक पडतं. मास्टर उंच असेल तर पायांखाली ठोकळे द्या. कटर चालवणाऱ्याच्या कापड धरणाऱ्या हातात स्टीलच्या जाळीचा हातमोजा हवाच, यात तडजोड नाही. कापडाचे जड रोल एकट्यानं खांद्यावर मारायची मर्दुमकी थांबवा, ट्रॉली आणा. इस्त्रीवाल्याला पायाखाली रबरी मॅट, एक पाय आळीपाळीनं टेकवायला वीतभर उंचीचा ठोकळा, आणि इस्त्री वरून स्प्रिंगला टांगलेली. इस्त्रीचं अर्थिंग महिन्याला तपासून घ्या. उभ्यानं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मागे टेकायला एक उंच स्टूल ठेवा.

धागा कटिंग मात्र सगळे विसरतात. सगळ्यात कमी पगाराच्या, बहुधा वयानं मोठ्या मावशा कोपऱ्यात जमिनीवर बसून, मान खाली घालून दिवसभर धागे कापतात. त्यांना एकदम टेबल-खुर्चीवर बसवलं तर कित्येकींना आवडत नाही, पाय लोंबकळतात, सवय नसते. सक्ती करू नका. भिंतीला पाठ टेकेल असा वीतभर उंचीचा ओटा, मांडीवर उतरती फळी आणि डोक्यावर स्वतंत्र दिवा. कात्रीला धार लावायचा वार ठरवा. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो आणि तो अंगठ्यातून येतो.

८. विश्रांती आणि नगाचा दर

सकाळी आणि दुपारी जेवणापासून लांब अशा वेळी पाच-सात मिनिटं मशिनी बंद ठेवा. एकट्यादुकट्यानं नव्हे, सगळ्यांनी. नगावर काम करणारी बाई शेजारीण शिवत असताना उठत नाही.

कामं फिरवून द्यायची तर नीट विचार करून द्या. खिसा सोडून कॉलरवर बसवलं म्हणजे बदल झाला असं नाही, मान आणि डोळे तेच वापरले जातात. मशीनवरून तासभर तपासणीला किंवा पॅकिंगला उभं केलं तर शरीराला बदल मिळतो. अशा तासाची मजुरी आधी ठरवा, नाहीतर नगावरची बाई तिथं जाणार नाही आणि तिचं बरोबरच आहे.

आणि आता असा सापळा, ज्यात निम्मी युनिटं अडकतात. मांडणी सुधारली, बाई तासाला ९० ऐवजी १०० नग काढायला लागली, आणि पुढच्या आठवड्यात मालकानं दर उतरवला. त्यानंतर त्या लाइनवर कुठलीही सुधारणा चालत नाही. स्टॉपवॉच दिसलं की हात सावकाश होतात, नवा स्टँड मुद्दाम बाजूला सारला जातो. बायकांना गणित पटकन कळतं. म्हणून सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर, फळ्यावर लिहून द्या: हा हंगाम संपेपर्यंत चालू डिझाइनचे दर उतरणार नाहीत. मालकाचा फायदा कमी अल्टर, कमी ओव्हरटाइम आणि वेळेत गेलेला माल यातून सुटतो. ओव्हरटाइमचा तास कायद्यानं दुप्पट दराचा आहे, तो वाचला तरी पुरे.

९. पुन्हा मोजा, पण लगेच नाही

नवी उंची, नवा स्टँड अंगवळणी पडेपर्यंत नग थोडे कमीच होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा आकडा बघून मालक ‘काढून टाका सगळं’ म्हणतो, त्याला आधीच सांगून ठेवा. दोन आठवडे जाऊ द्या. मग त्याच कारागिराचं, त्याच ऑपरेशनचं, शक्यतो त्याच डिझाइनवर आणि दिवसाच्या त्याच वेळी मोजमाप घ्या. शर्टाचे आधीचे आकडे आणि पिनाफोरचे नंतरचे, अशी तुलना करून काही हाती लागत नाही.

नगांइतकंच अल्टर, अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या आणि सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या तासाचे नग बघा. मांडणी जमली असेल तर सकाळच्या पहिल्या तासात फार फरक दिसत नाही, शेवटच्या तासात दिसतो. दुखण्याच्या आकृत्या परत काढून घ्या. दुखणं मानेतून कंबरेत सरकलं असेल तर टेबल बरोबर आणि खुर्ची चुकीची आहे.

पैसे थोडे असतील तर

एकाच लाइनवर करायचं असेल तर माझा क्रम असा: पायडल सरकवणं आणि टेबलाची उंची (खर्च शून्य), सुईजवळचे दिवे, डावीकडचे स्टँड, संडासाची दुरुस्ती, छताचा रंग, मग खुर्च्या, आणि शेवटी सर्वो मोटर. खुर्च्या मागे ठेवल्या याचं आश्चर्य वाटेल, पण चुकीच्या उंचीच्या टेबलापुढे महाग खुर्चीही कामाची नाही.

कायद्याच्या बाजूनं: उजेड, हवा, पिण्याचं पाणी, उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय (कलम ४४), हे सगळं १९४८ च्या कारखाना अधिनियमात होतंच. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेकडे गेला. तुमच्या युनिटला नेमकं काय लागू होतं ते कामगारांच्या संख्येवर ठरतं. जुनी छापील पुस्तिका बघून भिंतीवर फलक लावू नका, कामगार सल्लागाराकडून चालू नियम तपासून घ्या आणि हजेरीपट, ओव्हरटाइमची नोंद, अपघाताची वही तारखेनिशी ठेवा.

नवीन डिझाइन लाइनवर चढवताना मात्र पहिल्या पायरीपासून पुन्हा बघा. शर्ट उतरून ट्रॅकपॅन्ट लागली की कापडाचं वजन बदलतं, बंडलाचा आकार बदलतो, आणि शर्टासाठी लावलेला स्टँड दोन इंच खाली घ्यावा लागतो.